औषधालयाचेही तापमान पाहावे

रुग्णाची परीक्षा केल्यावाचून आपण चिकित्सा करीत नाही. परंतु आपली औषधे ज्या खोलीत वर्षभर राहतात, तिच्या तापमानाविषयी मात्र केवळ अंदाजावर विसंबतो. या अंदाजाची किंमत गतवर्षीच्या वैशाखात आमच्या विदर्भातील औषधालयात आम्हांस मोजावी लागली. वरच्या फळीवरील गुग्गुळाच्या वट्या चिकटून त्यांचा गोळा झाला. त्याच फळीवरून दिलेले सिद्धघृत एका वृद्ध रुग्णाने ‘वैद्यबुवा, याला खवट वास येतो’ म्हणून परत आणले. बाटलीवरील मुदत संपण्यास अजून सात महिने अवकाश होता.

औषध नियमांतील १६१-ब नुसार चूर्ण व घृतास २ वर्षे, तैलास ३ वर्षे मुदत आहे. परंतु ती योग्य साठवणीच्या गृहीतावर उभी आहे. शार्ङ्गधराने तर चूर्णाचे वीर्य २ महिन्यांनंतर क्षीण होते असे सांगितले आहे. कापरासारखी उडून जाणारी द्रव्ये उष्णतेत त्याहून लवकर घटतात.

आमच्या भिंतीवर तापमापी होती. पण ती बैठकीजवळ, कूलरच्या वाऱ्यात! म्हणून आम्ही ६ कमाल-किमान तापमापी आणून खोलीचा तापमान-नकाशा केला. जमिनीलगत, मधल्या व वरच्या फळीवर, तसेच पश्चिमेची भिंत, खिडकी व दाराजवळ त्या ठेवल्या. प्रथम सर्व एकत्र ठेवून त्यांच्या नोंदी जुळतात हे पाहिले. मग सलग ७ दिवस नोंद ठेवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही गोदामासाठी किमान ७ दिवस सांगितले असून उन्हाळा व हिवाळा या दोन्ही ऋतूंत मोजणी करावी असे म्हटले आहे.

बैठकीजवळ ३१ अंश असताना पत्र्याखालच्या फळीवर दुपारी चारला ४२ अंश आढळले. औषधालय बंद असलेल्या रविवारी पारा त्याहूनही वर गेला.

आता घृत, तैल, गुग्गुळकल्प व सुगंधी चूर्णे उत्तरेच्या भिंतीलगत खालच्या फळीवर, परंतु ओल टाळून ठेवतो. वर रिकाम्या बाटल्या व खोकी असतात. एक तापमापी मात्र सर्वांत उष्ण ठिकाणी कायम टांगली आहे. कारण धोका तेथेच प्रथम कळतो.

वैद्यबंधूंनी व औषधविक्रेत्यांनी येत्या उन्हाळ्यापूर्वी ही सिद्धता करावी. खर्च अल्प आहे. औषधास गुण आला नाही, तर दोष शास्त्रावर येतो. फळीकडे कोणी पाहत नाही.