हातातला पीसी, लेखांक ५ : नवी चिप हवी की मोठी बॅटरी?

मागच्या लेखांकात आपण हँडहेल्डमधली चिप, रॅम आणि स्क्रीन यांची ओळख करून घेतली. आज खरेदीचा प्रश्न. व्हॉल्व्हचा स्टीम डेक फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. त्यातली एएमडीची चिप तेव्हाही अगदी ताजी नव्हती. मग आता हे मशीन बदलायला झालंय का?

आसनगावहून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला मिळालं, की सीएसएमटीपर्यंत सुमारे दोन तास हाताशी असतात. शहापूर तालुक्यातून कॉलेजला नाहीतर नोकरीला जाणाऱ्या कितीतरी पोरांना गेम खेळायला दिवसात तेवढाच वेळ सापडतो, आणि डब्यात चार्जर लावायची सोय नसते. म्हणून हा प्रश्न मी याच दोन तासांवर तपासणार आहे.

पहिल्या स्टीम डेकची बॅटरी ४० वॉट-तासांची. जड गेममध्ये चिप १५ वॉट खाते. स्क्रीन, पंखा वगैरे धरून सगळं मशीन २५ वॉटच्या आसपास जातं. चाळीसला पंचवीसने भागा : दीड तासाच्या जरा वर. म्हणजे कुर्ल्याच्या आसपास खेळ संपला. आसूसचा आरओजी अ‍ॅली जुलै २०२३ मध्ये भारतात ६९,९९० रुपयांना आला. त्याची चिप कितीतरी दमदार, पण बॅटरी तेवढीच. पूर्ण जोर लावला, तर ठाणं येईतो तासाभरात गार.

आता डेकच्या सेटिंगमध्ये जाऊन चिपची मर्यादा ८ वॉटवर आणा आणि स्क्रीन ४० हर्ट्झवर ठेवा. सेकंदाला ३० फ्रेम असताना एक चित्र ३३ मिलिसेकंद टिकतं, ६० असताना साधारण १७. चाळीसला ते २५ मिलिसेकंद, बरोबर दोघांच्या मध्यावर. चित्र डोळ्यांना ३० पेक्षा स्पष्टपणे सुरळीत वाटतं, आणि फारसा जड नसलेला गेम सीएसएमटी गाठूनही चालू राहतो. जुन्या मशीनमधली ही सोय बरेच जण वापरतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

कंपन्यांनी पुढे काय केलं, तेही बघण्यासारखं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये डेकचं ओएलईडी मॉडेल आलं. चिपची ताकद जवळपास तीच. ती ७ ऐवजी ६ नॅनोमीटरवर बनवली, म्हणून वीज कमी खाते. बॅटरी मात्र ५० वॉट-तासांची केली. २०२४ च्या अ‍ॅली एक्समध्ये आसूसने चिप तीच ठेवली आणि बॅटरी थेट दुप्पट केली, ४० ची ८०. माझ्या मते हँडहेल्डमधल्या आजवरच्या सर्वांत शहाण्या सुधारणा याच दोन.

व्हॉल्व्हचे इंजिनीअरही घाईत नाहीत. त्याच बॅटरीवर वीस, तीस, अगदी पन्नास टक्के जास्त वेग मिळाला, तरी तेवढ्यासाठी नवा डेक काढायचा नाही, असं त्यांनी २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सांगितलं. मला हे पटतं. पन्नास टक्के म्हणजे ३० फ्रेमच्या ४५. तेवढ्यासाठी हातातलं चालू मशीन मोडीत काढावं, असं काही त्यात नाही. शिवाय एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपची मागणी एवढी वाढवली, की २०२५ च्या अखेरीला रॅमचे भाव भडकले. नवं मॉडेल आलंच तर स्वस्त नसेल.

तेव्हा ज्याच्याकडे डेक किंवा अ‍ॅली आहे, त्याने थांबावं. पहिल्यांदाच घेणाऱ्याने जाहिरातीतला ३० वॉटवरचा वेग बघूच नये. १० आणि १५ वॉटवर तेच मशीन किती फ्रेम देतं, ते चाचण्यांमध्ये शोधावं आणि बॅटरीचे वॉट-तास विचारावेत. डेक घ्यायचाच असेल, तर आणखी एक गोष्ट : व्हॉल्व्ह तो भारतात अधिकृतपणे विकत नाही. बाहेरून आलेला नग बिघडला, तर दुरुस्ती स्वतःच्या खर्चाने, म्हणून तो खर्च आधीच किमतीत धरा.