कुलूपबंद फोन: सवलत कुणाची, किल्ली कुणाकडे?

आज आपण एका लहानशा खरेदीविषयी बोलणार आहोत. अमेरिकेत शिकायला निघालेली मुलं आणि मुलांकडे काही महिने राहायला जाणारे आई-वडील, दोघांनाही ही खरेदी बऱ्याचदा करावी लागते. तिथं पोचल्यावर नवा नंबर हवा असतो, म्हणून फोनही घेतला जातो. वॉलमार्टसारख्या मोठ्या दुकानात गेलं की एकाच मॉडेलच्या दोन किमती दिसतात. एक पूर्ण किंमत. दुसरी तिच्या निम्मी, कधी पावसुद्धा. स्वस्त खोक्यावर एखाद्या मोबाइल कंपनीचं नाव छापलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हा फोन फक्त आमच्याच सेवेवर चालेल. यालाच लॉक्ड फोन म्हणतात.

आपल्याकडे हा प्रकार फारसा रुजला नाही. आपण हँडसेट एका दुकानातून घेतो आणि सिम आपल्याला हवं त्या कंपनीचं. तरी अगदीच अनोळखी नाही. २००३ साली रिलायन्सनं ५०१ रुपयांत हातात दिलेला ‘मान्सून हंगामा’वाला फोन आठवतो का? त्यात दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन चालत नसे. २०१७ मध्ये १५०० रुपयांच्या अनामत रकमेवर मिळालेला जिओफोनही जिओपुरताच होता. तत्त्व तेच: फोन स्वस्त, पण दावणीला बांधलेला.

कुलूप असतं कुठं?

प्रत्येक सिममध्ये ग्राहकाचा एक लांब क्रमांक साठवलेला असतो. त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात. भारतासाठी ४०४ किंवा ४०५, अमेरिकेसाठी ३१० आणि त्यापुढचे काही. त्यानंतरचे दोन-तीन आकडे कंपनी सांगतात. लॉक्ड फोनच्या आत, आपला हात पोचणार नाही अशा जागी, एक यादी असते. सिम घातलं की फोन ते आकडे यादीशी ताडून बघतो. जुळले तर नेटवर्क मिळतं, नाही तर ‘हे सिम चालणार नाही’ असा संदेश येतो. फोन रीसेट केला तरी यादी पुसली जात नाही. ई-सिमलाही हेच लागू आहे.

एक गोष्ट इथंच स्पष्ट करून घेऊ, कारण ‘अनलॉक’ या एकाच शब्दानं फार घोटाळा होतो. स्क्रीनचा पासवर्ड हे वेगळं कुलूप. आधीच्या मालकाचं गूगल किंवा ॲपल खातं फोनला चिकटून राहिलेलं असणं, हे दुसरं. फोन चोरीचा म्हणून त्याचा आयएमईआय काळ्या यादीत जाणं, हे तिसरं. आणि आज आपण ज्याविषयी बोलतोय ते कंपनीचं कुलूप, हे चौथं. एक उघडलं म्हणून दुसरं उघडत नाही. वापरलेला फोन घेताना चारही तपासावी लागतात.

स्वस्त म्हणजे नक्की किती स्वस्त?

आता हिशोब करू. आकडे समजण्यापुरते घेतलेत, विक्रीकर बाजूला ठेवलाय. समजा, एक फोन कुलूप नसलेला घेतला तर २०० डॉलर आणि कुलूपवाला ५० डॉलर. म्हणजे १५० डॉलरची सवलत. कुलूपवाल्या कंपनीचा प्रीपेड प्लॅन महिना ४० डॉलर, आणि अनलॉक करण्यासाठी तो सहा महिने चालवायची अट. दुसरीकडे, मोकळ्या फोनवर एखाद्या लहान कंपनीचा १५ डॉलरचा प्लॅन आपल्याला पुरतो.

सहा महिन्यांचा खर्च काढा. कुलूपवाला: ५० अधिक २४०, म्हणजे २९०. मोकळा: २०० अधिक ९०, म्हणजे तोही २९०. दोन्ही सारखेच! सवलत कुठं गेली? प्लॅनच्या फरकात, महिन्याला २५ डॉलरप्रमाणे, परत गेली. अट सहाऐवजी बारा महिन्यांची असेल तर कुलूपवाला ५३० ला पडतो आणि मोकळा ३८० ला. म्हणजे आता आपणच १५० डॉलर जादा भरले. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच.

पण थांबा, याची दुसरी बाजूही आहे. आपल्याला तो ४० डॉलरचा प्लॅन तसाही घ्यायचाच असेल, म्हणजे डेटा भरपूर लागतो, त्या भागात त्याच कंपनीचं नेटवर्क चांगलं आहे, तर गणित उलटतं. सहा महिन्यांत कुलूपवाल्याचे २९० आणि मोकळ्याचे ४४०. पूर्ण १५० डॉलर वाचले, वर अनलॉक झालेला फोन आपला.

म्हणून खोक्यावरची किंमत बघून निर्णय होत नाही. स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: हा फोन नसता तरी मी याच कंपनीचा हाच प्लॅन घेतला असता का? उत्तर ‘हो’ असेल तर सवलत खरी. ‘नाही’ असेल तर ती उधारी आहे, आणि आपलाच फोन तारण आहे.

किल्लीचा कायदा

तारण सोडवायचा हक्क कुणाचा, यावर अमेरिकेत बरीच वर्षं झगडा झाला. १९९८ च्या डीएमसीए या कायद्यानं डिजिटल कुलपं तोडायला बंदी घातली. कायदा कॉपीराइटच्या रक्षणासाठी, पण फोनमधलं कुलूपही सॉफ्टवेअरच, त्यामुळे तेही त्याच्या कचाट्यात आलं. या कायद्यात दर तीन वर्षांनी सवलती ठरवायचा अधिकार लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ग्रंथपालाकडे आहे. ऐकायला विचित्र वाटतं, पण तसं आहे. २००६ आणि २०१० मध्ये फोन अनलॉक करायला सवलत मिळाली. २०१२ मध्ये नव्या फोनसाठी ती काढून घेतली गेली. म्हणजे २६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेला, पूर्ण पैसे फेडलेला स्वतःचा फोन कंपनीच्या परवानगीशिवाय उघडणं बेकायदा ठरू शकत होतं.

लोक चिडले. व्हाइट हाउसकडे गेलेल्या अर्जावर एक लाखाहून जास्त सह्या झाल्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी नव्या कायद्यावर सही केली आणि ती सवलत परत आली. त्यापुढच्या फेऱ्यांमध्ये ती टिकली.

पण कायद्यानं काय दिलं हे नीट ऐका. उघडणं गुन्हा नाही, एवढंच दिलं. कंपनीनं किल्ली द्यायलाच हवी, असं तो म्हणत नाही. ते आलं कंपन्यांच्या संघटनेनं डिसेंबर २०१३ मध्ये स्वतःहून दिलेल्या वचनातून. प्रीपेड फोन सुरू केल्यापासून जास्तीत जास्त एका वर्षात, वाजवी अटी पूर्ण झाल्यावर, अनलॉक करून द्यायचा. आपल्या ग्राहकाकडून किंवा माजी ग्राहकाकडून त्याचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत. आणि अर्ज आल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत काही ना काही उत्तर द्यायचं. नकार असेल तर कारण सांगायचं.

इतर देश यापुढे गेले. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून नवे फोन कुलपाशिवायच विकावे लागतात. ब्रिटनमध्येही डिसेंबर २०२१ पासून लॉक्ड फोन विकायला बंदी आहे. अमेरिकी कंपन्यांचं म्हणणं असं, की कुलूप नसेल तर स्वस्त फोन ठोकानं उचलून परदेशात विकणाऱ्यांचं फावतं. ही भीती अगदीच खोटी नाही. ट्रॅकफोननं अशा व्यापाऱ्यांवर अनेक खटले भरले होते. पण व्यापाऱ्यासाठी घातलेलं कुलूप साध्या ग्राहकालाही लागतं, हा खरा पेच आहे.

प्रत्यक्षात काय करायचं?

खरेदीच्या आधी त्या कंपनीचं अनलॉकचं धोरण वाचा आणि त्याची प्रत ठेवा. नियम बदलत राहतात. पाहण्याजोगे मुद्दे तीन. मुदत किती? एटी अँड टीच्या प्रीपेडची बरीच वर्षं चालत आलेली अट सहा महिन्यांच्या पैसे भरलेल्या सेवेची आहे, काही ठिकाणी पूर्ण वर्ष लागतं. दिवस कसे मोजतात? एखाद्या महिन्याचं रिचार्ज राहिलं तर ते दिवस धरले जात नाहीत, असं अनेक ठिकाणी असतं. आणि मुदत संपली की फोन आपोआप उघडतो की अर्ज करावा लागतो?

खरेदीनंतर पावती जपून ठेवा. *#०६# डायल केलं की पडद्यावर पंधरा आकडी आयएमईआय दिसतो, तोही लिहून ठेवा. अर्जात तोच मागतात.

मुदत भरली की अर्ज करा. काही फोनमध्ये कंपनीचं अनलॉक ॲपच दिलेलं असतं. काही ठिकाणी एक कोड येतो, दुसरं सिम घातल्यावर तो टाकायचा. अंदाजानं आकडे मारत बसू नका. मोजक्या चुकीच्या प्रयत्नांनंतर फोन कोड स्वीकारणं कायमचं थांबवू शकतो. आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या ‘जनरल’मध्ये ‘अबाउट’ उघडा. तिथं ‘कॅरियर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसलं की काम झालं. तरीही दुसऱ्या कंपनीचं सिम घालून, एक कॉल लावून खात्री करा.

आई-बाबांसाठी वेगळा विचार

पर्यटक म्हणून गेलेल्या आई-वडिलांना साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. आणि प्रीपेड फोनची अटही बऱ्याचदा निदान सहा महिन्यांची! म्हणजे विमानातून उतरताक्षणी फोन सुरू केला, तरच मुदत जेमतेम भरेल. चार महिन्यांनी परतणाऱ्यांचा फोन कुलपासकटच मुंबईला उतरेल. त्यात इथलं सिम चालणार नाही आणि इथून तिथलं रिचार्ज चालू ठेवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार.

याहून मोठी अडचण तिथं असतानाच येते. बँकेचा ओटीपी भारतातल्या नंबरावर येतो. लॉक्ड फोनमध्ये सिमच्या दोन जागा असल्या तरी दुसऱ्या जागेवर आपलं भारतीय सिम चालेल, असं धरून चालू नका. पेन्शनच्या खात्याचा व्यवहार अडला की सवलतीचे डॉलर फार महाग पडतात. आमचा सल्ला साधा आहे: सहा महिन्यांच्या आतल्या मुक्कामाला लॉक्ड फोन घेऊ नये. भारतातला फोन सोबत न्यावा, पण तो तिथल्या नेटवर्कवर चालतो का हे त्या कंपनीच्या संकेतस्थळावर आयएमईआय टाकून आधी तपासावं. तिथलं ३जी २०२२ मध्ये बंद झालं आहे, त्यामुळे जुना फोन नुसता ‘फोरजी’ असून भागत नाही, ४जीवरून कॉल करण्याची सोयही त्यात तिथं चालायला हवी.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*अनलॉक केलेला अमेरिकन फोन भारतात नक्की चालेल?*

कुलूप निघालं म्हणजे दार उघडलं, पण रस्ता जुळायला हवा. जिओचं ४जी प्रामुख्यानं बँड ३, ५ आणि ४० वर चालतं. अमेरिकेसाठी बनवलेल्या स्वस्त फोनमध्ये यातला ४० नंबरचा बँड नसू शकतो. मग फोन चालेल, पण गर्दीत वेग कमी पडेल. जिओवर कॉलसुद्धा ४जीवरूनच जातात, तेव्हा ती सोय इथं चालते का हेही बघा. आणि आयफोन १४ पासून अमेरिकेतल्या आयफोनला सिमची खाचच नाही. त्यात भारतात ई-सिम घ्यावं लागेल.

*बाजारात पैसे घेऊन अनलॉक करून देतात. त्यांच्याकडे जावं का?*

पूर्वी काही फोनचे कोड आयएमईआयवरून गणितानं काढता येत. आता बऱ्याच फोनचं कुलूप कंपनीच्या सर्व्हरवरून निघतं. त्यामुळे ‘हमखास करून देतो’ म्हणणारा ते नेमकं कसं करणार, हे आधी विचारा. आपली मुदत भरली असेल तर कंपनीच फुकट करून देते. भरली नसेल तर आगाऊ पैसे देऊ नका.

*कुलूप उघडलंच नाही तर फोन वाया गेला?*

नाही. कुलूप फक्त मोबाइल नेटवर्कचं असतं. वायफाय, कॅमेरा, व्हिडिओ कॉल सगळं चालतं. कितीतरी लोक असे फोन मुद्दाम घरातल्या घरात वापरायला, मुलांच्या अभ्यासाला घेतात. तेवढ्यासाठी ५० डॉलर वाजवी वाटत असतील तर खुशाल घ्या. फक्त घेताना आपण काय विकत घेतोय आणि काय गहाण ठेवतोय, हे माहीत असू द्या.