तणनियंत्रण आणि सोयाबीनचे अन्नद्रव्य शोषण

मराठवाड्यासाठीच्या शिफारशीप्रमाणे सोयाबीनला पेरणीच्या वेळी हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ३० किलो पालाश दिले जाते. पिकाची मुळे या खतापर्यंत पुरेशी पोहोचण्यापूर्वीच केना, कुंजरू, माठ, लव्हाळा यांसारखी तणे ते उचलू लागतात. एका हेक्टरात तणांचा वाळलेला भार एक टन असून त्यात २ टक्के नत्र आहे असे धरले, तर २० किलो नत्र तणांत अडकते. म्हणजे दिलेल्या नत्राच्या दोन तृतीयांश इतके.

मात्र केवळ खताच्या हिशेबाने हे नुकसान पुरते उमगत नाही. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. त्यामुळे हेक्टरी २० क्विंटल उत्पादन देणाऱ्या पिकाच्या केवळ दाण्यांतच शंभर किलोहून अधिक नत्र साठते. ३० किलोच्या मात्रेतून एवढी गरज भागणे शक्य नाही. उरलेले नत्र जमिनीतून आणि मुख्यतः मुळांवरील गाठींतील रायझोबियम जिवाणूंकडून येते. हे जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात खरे, पण त्यासाठी लागणारी ऊर्जा पानांत तयार होणाऱ्या शर्करेतूनच त्यांना मिळते. तणांची सावली पडली की प्रकाशसंश्लेषण मंदावते, मुळांकडे जाणारी शर्करा घटते, गाठी लहान राहतात. तणांची खरी झळ पिकाला येथे बसते, आणि ती वरून दिसत नाही.

अशा शेतात पीक पिवळे दिसले की युरिया फेकण्याचा मोह होतो. नत्र मुबलक झाले की गाठींची वाढ व कार्य मंदावते. शिवाय फेकून दिलेले खत ओळींमधील तणांना आयतेच मिळते. ज्या पिकाला स्वतःचे नत्र मिळवता येते, त्याचा तणांवरील तेवढाच वरचष्मा अशाने गमावला जातो. स्फुरदाबाबतही पेरून दिलेले आणि फेकून दिलेले खत यांत फरक पडतो. स्फुरद जमिनीत फारसे सरकत नाही, म्हणून ते बियाण्याच्या जवळ, पण थोडे खाली पडलेले बरे.

एकूण शोषण म्हणजे पिकाचा वाळलेला भार आणि त्यातील अन्नद्रव्याचे प्रमाण यांचा गुणाकार. तणमुक्त शेतातील पानांत नत्राची टक्केवारी फार वाढलेली आढळेलच असे नाही. पण रोपाचा भार वाढलेला असतो आणि त्यामुळे नत्र, स्फुरद व पालाश या तिन्हींचे एकूण शोषण वाढते. केवळ पानांच्या पृथक्करणावरून तणनियंत्रणाचा लाभ जोखणे यामुळेच फसवे ठरते.

पेरणीनंतरचे साधारण १५ ते ४५ दिवस निर्णायक असतात. गाठी याच काळात कार्यरत होतात. दीड महिन्यानंतर केलेल्या निंदणीने शेत स्वच्छ दिसते, पण हुकलेली वाढ भरून येत नाही. काळ्या जमिनीत संततधारेने वाफसा लांबतो आणि कोळपणी, म्हणजे विदर्भातली डवरणी, नेमकी तेव्हाच अडते. अशा भागात पेरणीनंतर, उगवणीपूर्वी ओलाव्यावर पेंडीमिथॅलीन, किंवा तणे दोन ते चार पानांवर असताना इमॅझेथापायर लेबलवरील मात्रेत वापरणे उपयुक्त ठरते. इमॅझेथापायरच्या फवारणीनंतर काही दिवस पाने फिकट दिसू शकतात. पीक त्यातून सावरते. वाफसा मिळताच उथळ कोळपणी करावी. खोल कोळपे वरच्या थरातील मुळे व गाठी तोडते, आणि फुलोऱ्यानंतर तर कोळपणी टाळलेलीच बरी.

तुरीची सुरुवातीची वाढ संथ आणि ओळींतील अंतर मोठे असल्याने तिथे ही दक्षता सुमारे दोन महिने घ्यावी लागते.

निंदलेले तण बी धरण्यापूर्वीचे असेल तर ते बांधावर न फेकता दोन ओळींमध्येच पसरावे. ते कुजते, तसे त्यातील अन्नद्रव्य जमिनीला परत मिळते. पालाश सर्वांत आधी, कारण तो पेशीरसात विरघळलेला असतो. लव्हाळ्याच्या गाठी व केन्याची कांडी मात्र ओल्या मातीत पुन्हा रुजतात, म्हणून ती शेताबाहेर काढावीत.