बारोलोची पिंपे

वायव्य इटलीतील पिएमोंते प्रांतात लांघे नावाचा टेकड्यांचा मुलूख आहे. त्यात बारोलो हे लहानसे गाव. त्याच नावाने तेथील तांबडी वाइन जगभर ओळखली जाते. मद्याचे नाव काढताच ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, अशा वाचकांनीही थोडे थांबावे. येथे प्रश्न पिण्याचा नसून घराण्याच्या चालीचा आहे, आणि त्यावरून बापलेकांत वितुष्ट येणे आपल्या वाड्यांना काही नवे नाही.

बारोलो होते ती नेब्बिओलो या एकाच जातीच्या द्राक्षांची. टेकड्यांवर धुके उतरू लागते त्या ऑक्टोबरात कोठे हे फळ पिकते. त्याची वाइन कोवळेपणी भारी तुरट. म्हणून जुन्या रीतीत रस सालींसकट महिनाभर, कधी अधिकही, मुरत ठेवीत आणि मग हजारो लिटर मावणाऱ्या ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षे निजवीत. पिंपे इतकी जुनी, की लाकडाची चव वाइनला लागतच नसे. आजच्या कायद्यानेही ती सुमारे ३८ महिने, त्यांपैकी १८ लाकडात, ठेवावीच लागते.

पण इतका धीर धरायचा कोणी? माल अडकून पडणार, आणि भाव ठरविणार व्यापारी! महायुद्धानंतर लांघेतील शेतकऱ्यांनी हलाखी सोसली. कित्येक घरांतली तरणी पोरे तुरीनच्या मोटार-कारखान्यांत गेली. ला मोर्रा गावचा तरुण एलिओ आल्तारे फ्रान्समधील बर्गंडीत जाऊन पाहतो, तो तेथील द्राक्षकरी सुखवस्तू! त्यांच्याकडे होती सव्वादोनशे लिटरच्या आसपासची छोटी ओकची पिंपे. अशा पिंपाला फ्रेंच भाषेत ‘बारिक’ म्हणतात. मराठी कानाला हे नाव अगदी अर्थानुरूप वाटावे. नव्या कोऱ्या बारिकमध्ये वाइन लवकर मवाळ होते आणि तिला व्हॅनिलाचा वास येतो. १९८३ साली आल्तारे यांनी यांत्रिक करवत घेऊन वडिलांची जुनी पिंपे कापून काढली. वडिलांनी त्यांना वारशातून वगळले. नव्या वाइनला परदेशात पैसा मिळाला, हे मात्र नाकारता येत नाही.

उलट बाजूला उभे होते बारोलोचे बार्तोलो मास्कारेल्लो. वडील जूलिओ यांनी पहिल्या महायुद्धानंतर काढलेली ही पेढी. कान्नूबी, सान लोरेन्झो, रूए आणि रोक्के हे तिचे चार मळे. एकेका मळ्याचे नाव बाटलीवर मिरविण्याची टूम निघाली, तरी बार्तोलो चारी मळ्यांची द्राक्षे एकत्रच करीत. एका मळ्यात उणे ते दुसऱ्यात मिळते, हा जुन्या लोकांचा हिशेब. उतारवयात चाकांच्या खुर्चीला खिळल्यावर ते बाटल्यांच्या चिठ्ठ्या हाताने रंगवू लागले. त्यांतल्या एकीवर लिहिले, ‘नो बारिक, नो बर्लुस्कोनी’. नवे पिंप आणि देशाचा धनाढ्य पुढारी, दोघांनाही एकाच दमात नकार! असा खोडकर म्हातारा विरळा.

आमच्या मते करवत चालविणारा मुलगा खलनायक नव्हे. गरिबीने त्याचा हात चालविला. पण व्हॅनिलाचा वास कोणत्याही देशीच्या वाइनला देता येतो, आणि त्याखाली बारोलोची ओळख बुजते, ही जुन्यांची तक्रार खरी होती. पुढे अनेक घरांनी मोठी पिंपे पुन्हा आणली.

बार्तोलो २००५ साली वारले. त्यांची कन्या मारिया तेरेसा पेढी सांभाळतात, आणि चारी मळ्यांची द्राक्षे एकत्र करण्याची रीत त्यांनी चालू ठेवली आहे. तिकडे ला मोर्राला आल्तारे यांचा कारभारही कन्येच्याच, सिल्व्हिया यांच्या, हाती आला आहे.