स्क्रीन मधेच काळी होते? आधी वही काढा, मग पाकीट



आमच्या एका बॅचमधल्या ताईंचा रात्री साडेदहाला फोन आला. लग्नाचे अल्बम डिझाइन करून देणं हा त्यांचा व्यवसाय. घराच्या पुढच्या खोलीत एक डेस्कटॉप, दोन मॉनिटर, बस्स.

"सर, दोन्ही स्क्रीन मधेच काळ्या होतात. दोन-चार सेकंदांनी परत येतात. दिवसातून सात-आठ वेळा होतं. रिपेअरवाले दादा म्हणतात ग्राफिक्स कार्ड गेलं, १४,००० लागतील. हप्त्याचे पैसे बाजूला ठेवलेत, ते देऊन टाकू का?"

डिसेंबरची लग्नसराई, तीन अल्बम बाकी. घाई होणारच. मी म्हटलं, "ताई, पैसे राहू द्या. स्क्रीन काळी होते तेव्हा कॉम्प्युटर चालू असतो का बंद?" हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. खरं सांगायचं तर आपण कुणीच पाहत नाही!

पहिलं काम: नक्की काय बंद पडतं ते बघा

कॉम्प्युटरवर गाणं लावून ठेवा. स्क्रीन गेली आणि गाणंही थांबलं, मशीन रीस्टार्ट झालं, तर संशय वीजपुरवठ्यावर, यूपीएसच्या बॅटरीवर, एसएमपीएसवर किंवा आतल्या गरमीवर. गाणं चालूच राहिलं, तर बिघाड बहुतेक चित्राच्या वाटेवर आहे: मॉनिटर, केबल, ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर.

मॉनिटरचा छोटा दिवाही बघा. दिवाच विझला तर मॉनिटरला वीज मिळत नाही. दिवा आहे पण चित्र नाही, तर सिग्नल तुटतोय.

एकच स्क्रीन जात असेल तर दोन मॉनिटरच्या केबल आपसात बदला. दोष केबलबरोबर दुसरीकडे गेला, तर केबल किंवा तिचा पोर्ट. त्याच मॉनिटरवर राहिला, तर मॉनिटर.

ताईंचं गाणं वाजत राहिलं, दिवे चालू होते आणि दोन्ही स्क्रीन एकदमच गेल्या. म्हणजे दोघींना सामायिक असलेली काहीतरी गोष्ट.

दुसरं काम: फुकटातले उपाय आधी

१. सेटिंगमध्ये स्क्रीन बंद होण्याची वेळ तपासा. पाच मिनिटांवर असेल तर तो बिघाड नाहीच.

२. केबल काढून दोन्ही टोकांना नीट घट्ट बसवा.

३. स्क्रीन काळी होऊन परत आलीच नाही, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. लगेच चित्र आलं, तर संशय ड्रायव्हरवर.

४. इव्हेंट व्ह्यूअर उघडून 'सिस्टिम'च्या नोंदी बघा. ४१०१ क्रमांक दिसला तर डिस्प्ले ड्रायव्हर अडकून सावरला. ४१ आणि कर्नल-पॉवर दिसलं तर मशीन नीट शटडाऊन न होताच बंद पडलं होतं.

५. प्लग काढून कॅबिनेट उघडा, पंख्यांवरची धूळ साफ करा. एसएमपीएस मात्र स्वतः कधीच उघडू नका, प्लग काढल्यावरही आत करंट साठलेला असतो.

६. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर मॉनिटरची केबल कार्डातून काढून मदरबोर्डच्या पोर्टला लावा. तरीही स्क्रीन गेली, तर कार्ड निर्दोष!

ताईंनी सहावा उपाय केला. स्क्रीन तरीही गेली. १४,००० रुपये तिथेच वाचले.

तिसरं काम: वही

मग मी त्यांना वहीत तीन रकाने आखायला लावले: वेळ, कोणतं सॉफ्टवेअर चालू होतं, आणि *मी काय करत होते*. तिसऱ्या रकान्याला त्या हसल्या. दोन दिवसांनी वहीचा फोटो आला. वेळांत काही मेळ नव्हता, सॉफ्टवेअरही वेगवेगळी. पण तिसरा रकाना वाचा: "कुकर बंद करायला उठले." "गिऱ्हाईक आलं, उठले." "जेवून येऊन बसले." "बेल वाजली."

दरवेळी खुर्ची!

थट्टा नाही ही. वर-खाली होणाऱ्या गॅस लिफ्टच्या खुर्चीवरून उठताना-बसताना स्थिर विजेचा झटका तयार होऊ शकतो. कोरड्या हवेत जास्तच. तो जवळच्या व्हिडिओ केबलने पकडला की सिग्नल क्षणभर तुटतो, आणि मॉनिटर पुन्हा जुळवून घेईपर्यंत काळा राहतो. डॉकिंग स्टेशनसाठी चिप बनवणाऱ्या डिस्प्लेलिंक कंपनीनेही आपल्या मदतपानावर या खुर्च्यांचा उल्लेख केला आहे.

खात्री करायला ताई दोन दिवस प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या. एकदाही स्क्रीन गेली नाही. जुनी खुर्ची परत आणली, त्रास परत सुरू. मग इलेक्ट्रिशियनला बोलावलं. बोर्डला तीन पिनांचं सॉकेट होतं, पण अर्थिंगची वायर आत जोडलेलीच नव्हती! ती जोडल्यावर त्रास कमी झाला, थांबला नाही. शेवटी लांबलचक पातळ केबल काढून आखूड, चांगल्या शिल्डिंगच्या दोन केबल लावल्या आणि त्या खुर्चीपासून लांब नेल्या. थांबलं. इलेक्ट्रिशियन आणि केबल मिळून खर्च १,६०० रुपये. तिन्ही अल्बम वेळेत गेले.

लक्षात घ्या, त्यांनी एका वेळी एकच गोष्ट बदलली. सगळं एकदम बदललं असतं तर नेमकं काय लागू पडलं ते कळलंच नसतं.

आणि रिपेअरवाले दादा काही फसवत नव्हते हं. ते येऊन स्टुलावर बसायचे. त्यांच्यासमोर खुर्ची हललीच नाही, मग त्यांना दिसणार काय? धंदा तुमचा, खोली तुमची, रोज तिथे बसणारे तुम्ही. निरीक्षण तुम्हालाच करावं लागणार.

गल्ल्याचंही असंच असतं. "कधीकधी विक्री अचानक पडते" असं सांगणारे मला दर बॅचमध्ये भेटतात. जाहिरातीवर पैसे टाकण्याआधी त्यांनाही मी हेच सांगतो: तीन रकाने आखा, आठवडाभर लिहा. 'अचानक' म्हणजे बऱ्याचदा आपण न लिहिलेलं कारण असतं.

आज एवढं करा: कॉम्प्युटरशेजारी एक वही ठेवा, आणि आपल्या बोर्डला अर्थिंग खरंच आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत.