विश्लेषण : साखर काठावर, गोळी लगेच हवी का?

उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के आली, तर तो मधुमेह नव्हे, पूर्वमधुमेह. एकाच अहवालावर घाबरू नये. चाचणी पुन्हा करावी.

गोळी की व्यायाम? अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार, आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम आणि वजनघट यांमुळे मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी. भारतातील २००६ च्या अभ्यासात दोन्हींचा फायदा जवळपास सारखाच दिसला. दोन्ही एकत्र करूनही तो वाढला नाही.

म्हणून सुरुवात ताटापासून आणि चालण्यापासून. वजन फार जास्त असेल किंवा गरोदरपणात मधुमेह झाला असेल, तर डॉक्टर गोळीचा विचार लवकर करतात. गोळी नसली तरी वर्षातून एकदा तपासणी चुकवू नये.