संबळाचा आघात आणि घरचे ध्वनिमुद्रण

तुळजापूरच्या क्षेत्री, बालाघाटच्या उतारावर, संबळ, तुणतुणे आणि झांजा यांच्या घोषात रात्रभर चाललेला गोंधळ ज्याने प्रत्यक्ष ऐकला आहे, त्याला तोच गोंधळ घरी ध्वनिमुद्रित करून भ्रमणध्वनीवर ऐकताना संबळाचा अंगावर येणारा आघात निघून गेल्याचे तत्काळ जाणवते; आणि हा आघात बहुधा मुद्रणात नव्हे, तर त्यानंतर हौसेने केलेल्या मास्टरिंगमध्ये नष्ट झालेला असतो.

मास्टरिंग म्हणजे निरनिराळ्या वाद्यांचे व कंठस्वराचे मिश्रण पुरे झाल्यावर सिद्ध झालेल्या एकाच फाईलला दिलेले अखेरचे रूप. 1902 च्या नोव्हेंबरात ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यास गायिका गौहर जान यांचे गायन मुद्रित केले, त्या काळी कर्ण्यातून आलेला नाद थेट मेणावर कोरला जाई व मागाहून फेरफार करण्यास मुभाच नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत रूढ झाली आणि फितीवरील नाद तबकडीवर उतरविणारा स्वतंत्र तंत्रज्ञ उदयास आला. खर्ज अनावर झाल्यास सुई खाचेतून उडेल, म्हणून त्याचा बंदोबस्त करणे हे त्याचे मुख्य काम. त्याच्या हाताखालची अवजड यंत्रे, स्टाईनबर्ग या कंपनीने 1996 मध्ये व्हीएसटी ही पद्धत आणल्यापासून, प्लगइनच्या, म्हणजे मुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडावयाच्या साधनांच्या, रूपाने क्रमाक्रमाने घरच्या संगणकात दाखल झाली. टीडीआर नोव्हा हा निरनिराळ्या पट्ट्यांतील स्वरांची पातळी कमी-अधिक करणारा इक्वलायझर किंवा यूलीनचा ध्वनिमापक यांच्या मूळ आवृत्त्या तर विनामूल्य मिळतात.

मात्र मास्टरिंगकडे वळण्यापूर्वी, मुद्रण करतानाच, नवशिक्याने प्रथम खोलीची चौकशी करावी. समोरासमोरच्या भिंतींत 10 फुटांचे अंतर असले, की सुमारे 56 हर्ट्झचा नाद त्यांच्यामध्ये घुमत राहतो, आणि संबळाच्या खर्जाच्या भांड्याचा आवाज त्या घुमाऱ्यात मिसळून गढूळ होतो. हा दोष प्लगइनने निस्तरू पाहणे व्यर्थ होय. मायक्रोफोन खोलीच्या मध्यातून व कोपऱ्यांतून हलविणे, आणि भिंतींना वाकळी टांगून वरच्या स्वरांचा प्रतिध्वनी तरी शोषून घेणे, हेच उचित.

इक्वलायझरने तुणतुण्याची व झांजांची टोचणी 3,000 ते 5,000 हर्ट्झच्या टापूत एखाद्या डेसिबलने उतरवावी. अधिक उतरविण्याची निकड भासली तर मिश्रणाकडेच परत जावे. मात्र सारा मेळा एकाच मायक्रोफोनवर मुद्रित झाला असेल, तर परतण्यास मिश्रणच नसते व झांजेला हात लावताच गायकाच्या शब्दालाही हात लागतो. अशा वेळी टोचणी वाढेल तेवढ्या क्षणापुरताच कार्य करणारा नोव्हासारखा इक्वलायझर उपयोगी पडतो.

खरी कसोटी कॉम्प्रेसरची. मोठ्या आवाजास दाबून लहानाशी त्याचे अंतर कमी करणारे हे साधन तत्क्षणी कार्य करू लागले, तर काठी चामड्यावर पडण्याचा पहिलाच क्षण ते गिळून टाकते. म्हणून अटॅकचा, म्हणजे दाब लागू होण्याचा, काळ 30 मिलिसेकंदांच्या आसपास व प्रमाण दीडास एक असे सौम्य ठेवून, एक-दोन डेसिबलपलीकडे दाब जाऊ देऊ नये. गोंधळाची रचनाच अशी, की देवतांच्या आवाहनापासून आख्यानाकडे जाताना लय व आवेश चढत जातात. ही चढण सपाट केली, तर आवाज मोठा होऊनही गोंधळ उरत नाही, असे माझे ठाम मत आहे.

तरीही मोठ्या आवाजाचा मोह दुर्निवार असतो, कारण किंचित मोठा नाद कानाला सरसच भासतो. यास्तव प्रत्येक प्लगइन चालू-बंद करून तुलना करताना दोन्ही आवाज समान पातळीवर आणावेत. शिवाय स्पॉटिफाय साधारणतः उणे 14 एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप) या पातळीस सर्व गाणी आणते आणि यूट्यूबही अधिक मोठ्या गाण्यांना खाली उतरविते. म्हणजे लिमिटरने, अर्थात ठरलेल्या मर्यादेपलीकडे आवाज जाऊ न देणाऱ्या साधनाने, उणे 8 पर्यंत रेटलेले गाणे तेथे 6 डेसिबलने खाली येते, आणि हरवलेला आघात काही परत मिळत नाही. लिमिटरची कमाल मर्यादा उणे 1 डेसिबल ट्रू पीकवर, म्हणजे ध्वनितरंगाच्या खऱ्या शिखरावर, ठेवावी, म्हणजे फाईलचे संकोचन होताना आवाज फाटण्याचे भय कमी होते.

सिद्ध झालेली प्रत मोटारीत, भ्रमणध्वनीवर आणि मंडपातील कर्ण्यावर ऐकून पाहावी. पण मास्टरिंगपूर्वीचे मूळ मिश्रण 24 बिटांच्या वेव्ह फाईलच्या रूपात दप्तरी वेगळे जपून ठेवावे, म्हणजे वर्षभराने कान अधिक तयार झाल्यावर त्याच गोंधळावर नव्याने काम करता येईल.